शुभाशुभाच्या कल्पना : विविध संस्कृतींतील संकेत आणि त्यांचे सामाजिक परिणाम

प्रस्तावना :

मानवी जीवनात निश्चित आणि अनिश्चित गोष्टींची सतत सरमिसळ झालेली आढळते. बियाणे कोणते पेरावे हे शेतकऱ्याला ठरवता येते. पाऊस कधी पडावा हे त्याच्या हाती नसते. विद्यार्थ्याला अभ्यास करता येतो. प्रश्नपत्रिकेत काय येईल हे त्याला ठाऊक नसते. प्रयत्न आणि फळ यांच्यामध्ये उरणाऱ्या या रिकाम्या जागेला माणसाने नशीब, दैव, भाग्य, प्राक्तन, योग अशी अनेक नावे दिली. नशीब आधी कळावे म्हणून शकुन आले, ते वळवता यावे म्हणून तोडगे आले आणि ते बिघडू नये म्हणून निषेध आले. घराबाहेर पडताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणणे, परीक्षेला निघालेल्या मुलाच्या हातावर दहीसाखर ठेवणे, तान्ह्या बाळाला काजळाची तीट लावणे या सर्व गोष्टी आपल्या अंगवळणी पडलेल्या आहेत.

या विषयावरील लेखन बहुधा दोन टोकांना जाते. एका टोकाला प्रत्येक रूढीमागे काही ना काही शास्त्रीय कारण शोधण्याचा अट्टाहास असतो, तर दुसऱ्या टोकाला सर्वच समजुतींवर 'अंधश्रद्धा' असा सरसकट शिक्का मारला जातो. या दोन्ही पद्धतींत एक महत्त्वाचा भेद नजरेआड होतो. दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची बांधणे आणि विधवा स्त्रीला मंगलकार्यापासून दूर ठेवणे या दोन्ही कृती शुभाशुभाच्या एकाच कल्पनेतून येतात. परंतु पहिल्या कृतीची किंमत एका लिंबाइतकी असते, दुसरीची किंमत एका माणसाला आयुष्यभर मोजावी लागते.

प्रस्तुत लेखात पुढील तीन प्रश्नांचा विचार केला आहे. पहिला, शुभाशुभाचे संकेत निरनिराळ्या संस्कृतींत कसे बदलतात? दुसरा, ते खरे ठरत नसतानाही टिकून का राहतात? आणि तिसरा, त्यांतील कोणते संकेत समाजाने मनावर घेण्याची गरज आहे व ते ओळखण्याची कसोटी कोणती?

'शकुन' या शब्दाचा अर्थ :

संस्कृतमध्ये 'शकुन' या शब्दाचा मूळ अर्थ 'पक्षी' असा आहे. पक्ष्यांचे उडणे, बसणे व ओरडणे यांवरून भविष्याचा अंदाज बांधण्याच्या पद्धतीमुळे पुढे तो शब्द भविष्यसूचक चिन्हासाठी रूढ झाला. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त, म्हणजे इसवी सनाच्या सहाव्या शतकातील ग्रंथात, शकुनांचे सविस्तर विवेचन आढळते. लक्षणीय बाब अशी की, प्राचीन रोममध्येही हेच घडले. शुभसूचनेसाठी वापरला जाणारा 'ऑस्पिशियम' हा लॅटिन शब्द 'पक्षी' आणि 'पाहणे' या अर्थाच्या दोन शब्दांपासून तयार झाला आहे. प्राचीन ग्रीक भाषेतही पक्ष्याचा वाचक शब्द शकुनाच्या अर्थाने वापरला जात असे. आकाशात मुक्तपणे फिरणारा आणि माणसाला न दिसणारे पाहू शकणारा जीव म्हणून पक्ष्याला हे स्थान मिळाले असावे.

पद्धत अशी सारखी असली, तरी अर्थ मात्र सारखे राहिले नाहीत. ग्रीक लोक उजव्या बाजूने येणारा पक्षी शुभ मानत, तर रोमन शकुनवेत्ते दक्षिणेकडे तोंड करून बसत असल्यामुळे पूर्व दिशा त्यांच्या डावीकडे येई आणि डावी बाजू शुभ ठरे. एकाच पक्ष्याचे एकच उड्डाण एका देशात विजयाची आणि शेजारच्या देशात पराभवाची सूचना देत होते. हा विसंवाद सिसेरो या रोमन विचारवंताच्याही लक्षात आला होता आणि शकुनविद्येची चिकित्सा करताना त्याने त्याचा उपयोग केला.

एकच संकेत, परस्परविरोधी अर्थ :

असा विसंवाद अपवादात्मक नाही. तो जवळजवळ प्रत्येक संकेताच्या बाबतीत दिसतो.

प्राणी व पक्षी : घुबडाचे दर्शन किंवा त्याचा घूत्कार महाराष्ट्रात अशुभ मानला जातो. बंगालमध्ये मात्र तेच घुबड लक्ष्मीचे वाहन म्हणून पूज्य आहे. प्राचीन अथेन्समध्ये ते ज्ञानदेवता अथीनाचा पक्षी होते आणि तेथील नाण्यांवर त्याची प्रतिमा कोरलेली असे. जपानी भाषेत घुबडाला 'फुकुरो' म्हणतात. याच उच्चाराचा 'कष्टाविना' असाही अर्थ लावता येत असल्याने तेथे घुबडाच्या लहान मूर्ती शुभ भेट म्हणून दिल्या जातात. मॅगपाय हा कावळ्याच्या कुळातील काळा-पांढरा पक्षी इंग्लंडमध्ये एकटा दिसल्यास दुःखाचे चिन्ह समजला जातो. चीनमध्ये त्याच्या नावातच 'आनंद' हा शब्द आहे, तर कोरियात सकाळी त्याचा आवाज ऐकू आला की आवडता पाहुणा येणार असे मानतात. कावळा ओरडला की पाहुणा येतो या आपल्याकडील समजुतीशी हे साम्य विलक्षण आहे. काळे मांजर अमेरिकेत व युरोपच्या बऱ्याच भागांत अशुभ मानले जाते. ब्रिटनच्या अनेक भागांत तेच भाग्याचे प्रतीक आहे. आपल्याकडे मांजर कोणत्याही रंगाचे असो, ते आडवे गेले की पुरे होते.

वार : ग्रीसमध्ये मंगळवार अशुभ मानतात. कॉन्स्टँटिनोपल शहर २९ मे १४५३ रोजी तुर्कांच्या हाती पडले आणि तो मंगळवार होता, ही आठवण या समजाशी जोडली जाते. स्पेनमध्येही मंगळवारी आलेली १३ तारीख टाळण्याची समजूत आहे. महाराष्ट्रात मात्र मंगळवार हा गणपतीचा वार आहे आणि त्या दिवशी आलेली संकष्टी 'अंगारकी' म्हणून विशेष पुण्यप्रद समजली जाते. शुक्रवारचेही तसेच आहे. ख्रिस्ताला क्रूसावर चढवले तो वार म्हणून पाश्चात्त्य समाजात तो अशुभ ठरला. मुस्लिम समाजात तो सामुदायिक नमाजाचा पवित्र दिवस आहे आणि हिंदूंमध्ये देवीचा वार आहे.

अंक : पाश्चात्त्य देशांत १३ या अंकाची भीती सर्वपरिचित आहे. ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाला १३ जण होते, या कथेशी तिचा संबंध जोडला जातो. इटलीत मात्र १७ हा अंक अधिक अशुभ मानतात. रोमन पद्धतीने १७ लिहिताना येणाऱ्या चिन्हांचा क्रम बदलला, तर 'मी जगलो', म्हणजेच 'माझे आयुष्य संपले', अशा अर्थाचा लॅटिन शब्द तयार होतो. चीन, जपान व कोरिया येथे ४ या अंकाचा उच्चार 'मृत्यू' या शब्दाच्या उच्चाराशी मिळताजुळता आहे. म्हणून तेथील अनेक इमारतींत चौथा मजला त्या क्रमांकाने दाखवत नाहीत. याउलट ८ चा चिनी उच्चार 'समृद्ध होणे' या क्रियापदाच्या जवळ जातो. बीजिंग ऑलिंपिकचे उद्घाटन ८ ऑगस्ट २००८ रोजी रात्री ८ वाजता झाले, त्यामागे हीच भावना होती.

भारतातील एक उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. ल कोर्बुझिए यांच्या आराखड्यानुसार वसलेल्या चंदीगड शहरात सेक्टरांना क्रमांक देताना १३ हा क्रमांक वगळण्यात आला. हे शहर ज्या पंजाबच्या भूमीत उभे आहे, तेथे 'तेरा' या शब्दाला वेगळेच महत्त्व आहे. गुरू नानक सुलतानपूर लोधी येथे धान्यकोठारात काम करत असताना माप मोजता मोजता 'तेरा' या शब्दावर आले आणि 'सर्व काही तुझेच' या भावनेत तल्लीन झाले, अशी कथा जनमसाखी परंपरेत सांगितली जाते. ज्या अंकाला स्थानिक परंपरेने भक्तीचा अर्थ दिला, तोच अंक युरोपातून आलेल्या भीतीमुळे नकाशातून वगळला गेला.

रंग : पांढरा रंग चीन व कोरियाच्या परंपरेत आणि आपल्याकडेही शोकाशी जोडलेला आहे. पाश्चात्त्य वधू मात्र पांढरा पोशाख करते. राणी व्हिक्टोरियाने १८४० साली आपल्या विवाहात पांढरा पोशाख केल्यानंतर ही पद्धत विशेष रुजली.

या उदाहरणांवरून दोन गोष्टी लक्षात येतात. संकेताचा अर्थ त्या वस्तूत नसतो. भाषेतील उच्चारसाम्य, धर्मकथा, एखादी ऐतिहासिक आपत्ती किंवा राजघराण्यातील एखादी रीत यांतून तो त्या वस्तूला चिकटतो. दुसरे असे की, घुबडाच्या अंगी खरोखर अशुभ घडवण्याचे सामर्थ्य असते, तर ते सह्याद्रीत एक आणि बंगालच्या उपसागराकाठी दुसरे असते ना. पाणी सर्वत्र उताराकडेच वाहते. निसर्गनियम प्रांत ओलांडला म्हणून बदलत नाहीत. संकेत मात्र बदलतात, म्हणून ते मानवनिर्मित आहेत असे म्हणावे लागते.

समजुती टिकून का राहतात? :

संकेत परस्परविरोधी असले, तरी संकेत मानण्याची प्रवृत्ती मात्र सार्वत्रिक आहे. याची कारणे मानववंशशास्त्र व मानसशास्त्र या दोन्ही ज्ञानशाखांनी शोधली आहेत.

ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिक महासागरातील ट्रोब्रियांड बेटांवर राहून तेथील लोकजीवनाचा अभ्यास केला. बेटाजवळच्या शांत, उथळ खाजणात मासेमारी करताना तेथील कोळी कोणताही जादुई विधी करत नसत. तेथे मासे हमखास मिळत आणि धोका नसे. खुल्या समुद्रात जाताना मात्र विस्तृत मंत्रविधी केले जात. साधने व कौशल्य दोन्हीकडे त्याच समाजाचे होते; फरक होता तो अनिश्चिततेचा. आपल्या अनुभवाशी हे निरीक्षण जुळते. रोज शाळेत जाताना कोणी हातावर दही ठेवत नाही, परीक्षेच्या दिवशी ठेवतात. खेळाडू, नट, व्यापारी, वाहनचालक आणि मच्छीमार यांच्यात शकुनांचे प्रमाण अधिक दिसते, कारण त्यांच्या व्यवसायात कौशल्याइतकाच बेभरवशाचा भाग असतो.

दुसरे कारण शिकण्याच्या प्रक्रियेतच दडलेले आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९४८ साली कबुतरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. भुकेल्या कबुतरांना त्यांच्या वागण्याशी कोणताही संबंध न ठेवता ठरावीक अंतराने दाणे देण्यात आले. आठांपैकी सहा कबुतरांत विशिष्ट हालचाली पक्क्या झालेल्या आढळल्या. एखादे गोल फिरे, एखादे मान झटके. दाणे पडण्याच्या क्षणी जी हालचाल चालू होती, तिच्यामुळेच दाणे मिळाले असे जणू त्या पक्ष्याने गृहीत धरले होते. पुढील संशोधकांनी या हालचालींचा वेगळा अर्थही लावला आहे. तथापि, एकापाठोपाठ घडलेल्या दोन घटनांना कारण आणि कार्य समजण्याची घाई सजीवांत असते, हा मुद्दा त्यातून पुढे आला. ज्या पेनाने एक पेपर सोपा गेला, तेच पेन पुढील प्रत्येक पेपरला नेणारा विद्यार्थी याच घाईचे उदाहरण होय.

तिसरे आणि सर्वांत प्रभावी कारण म्हणजे निवडक स्मरण. जहाज बुडताना नवस बोलून वाचलेल्यांची चित्रे मंदिरात लावलेली असतात. नवस बोलूनही बुडालेल्यांची चित्रे कोठे आहेत, असा प्रश्न विचारल्याची कथा सिसेरोने नोंदवली आणि फ्रान्सिस बेकन यांनी १६२० मधील आपल्या ग्रंथात तिचा पुन्हा आधार घेतला. हा मुद्दा अधिक स्पष्ट करण्यासाठी चार रकान्यांचा एक साधा तक्ता कल्पिता येतो : मांजर आडवे गेले व काम बिघडले, मांजर आडवे गेले व काम झाले, मांजर आडवे गेले नाही व काम बिघडले, मांजर आडवे गेले नाही व काम झाले. समजा, एखाद्याने १०० दिवसांची नोंद ठेवली. मांजर १० दिवस आडवे गेले आणि त्यांपैकी ३ दिवस काम बिघडले. उरलेल्या ९० दिवसांपैकी २७ दिवस काम बिघडले. दोन्हीकडे प्रमाण दहांत तीन असेच येते. म्हणजे मांजराचा काही संबंध नाही. परंतु माणसाच्या लक्षात राहतात ते केवळ पहिल्या रकान्यातील तीन दिवस. उरलेले तीन रकाने मन भरतच नाही.

अंतराळ प्रवासाच्या इतिहासात या निवडक स्मरणाचे ठळक उदाहरण सापडते. एप्रिल १९७० मधील अपोलो १३ या यानात १३ तारखेला प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाला आणि १३ हा अंक अशुभ असल्याचा 'पुरावा' म्हणून हा अपघात आजही सांगितला जातो. चौकशीत निष्पन्न झाले ते असे की, टाकीतील तापमान-नियंत्रक बटणे कमी विद्युतदाबासाठी बनवलेली होती, जमिनीवरील चाचणीत त्यांना जास्त दाब दिला गेला, त्यामुळे आतील तारांचे आवरण जळाले आणि उड्डाणानंतर ठिणगी पडली. शिवाय या मोहिमेतील तिन्ही अंतराळवीर सुखरूप परतले. याउलट, पुढे अपोलो १ या नावाने ओळखल्या गेलेल्या यानात २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरच आग लागून तीन अंतराळवीरांचा मृत्यू झाला आणि १९७१ मध्ये सोव्हिएत संघाच्या सोयूझ ११ मधील तिघे परतीच्या प्रवासात मृत्युमुखी पडले. म्हणून १ किंवा ११ या अंकांना कोणी अशुभ म्हटले नाही, कारण तशी समजूत आधीपासून नव्हती. समजूत आधी असते आणि पुरावा नंतर शोधला जातो.

समजुतींचे प्रत्यक्ष परिणाम :

संकेतात स्वतःचे सामर्थ्य नसले, तरी संकेतावरील विश्वासाला सामर्थ्य असते. हा भेद समजून न घेतल्यास विषय अपुरा राहतो.

शुभ वस्तूमुळे आत्मविश्वास वाढून कामगिरी सुधारते काय, याचे प्रयोग झाले आहेत. जर्मनीतील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 'हा चेंडू लाभदायक आहे' असे सांगितलेल्या व्यक्तींनी गोल्फच्या खेळात अधिक यश मिळवले. पुढे २०१४ मध्ये अन्य संशोधकांनी तोच प्रयोग अधिक व्यक्तींवर केला, तेव्हा तो परिणाम दिसून आला नाही. अशुभाच्या भीतीबाबतही असेच घडले. डेव्हिड फिलिप्स व सहकाऱ्यांनी २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये असे मांडले की, अमेरिकेतील चिनी व जपानी वंशाच्या लोकांत हृदयविकाराने होणारे मृत्यू महिन्याच्या ४ तारखेला अधिक आढळतात. त्यांच्या पद्धतीवर लवकरच आक्षेप घेण्यात आले. व्यक्तीच्या पातळीवरील परिणामांविषयी असे मतभेद आहेत. समाजाच्या पातळीवर मात्र निर्विवाद पुरावा उपलब्ध आहे आणि तो जपानमधील आहे.

पूर्व आशियाई कालगणनेत, आपल्या प्रभवादी संवत्सरांप्रमाणेच, ६० वर्षांचे चक्र असते. त्यातील 'हिनोएउमा', म्हणजे अग्नितत्त्व व घोडा यांच्या संयोगाचे वर्ष, मुलींच्या जन्मासाठी वाईट मानले जाते. या वर्षी जन्मलेली स्त्री तापट निघते व पतीचे आयुष्य कमी करते, असा हा समज आहे. एदो, म्हणजे आजचे टोकियो, येथे १६८३ साली आग लावल्याच्या आरोपावरून देहदंड झालेली ओशिची नावाची तरुणी या वर्षीची होती, अशी आख्यायिका त्यामागे सांगितली जाते. विसाव्या शतकात हे वर्ष १९०६ आणि १९६६ साली आले. जपानमध्ये १९६५ साली सुमारे १८ लाख २० हजार बालके जन्मली. १९६६ साली ही संख्या सुमारे १३ लाख ६० हजारांवर आली आणि १९६७ साली पुन्हा सुमारे १९ लाख ३० हजार झाली. हे युद्धाचे वा दुष्काळाचे वर्ष नव्हते. जगातील अत्यंत वेगाने औद्योगिक प्रगती करणाऱ्या, साक्षर देशातील लक्षावधी दांपत्यांनी केवळ एका समजापायी अपत्यजन्म टाळला किंवा पुढे ढकलला. त्या वर्षीचा एकूण प्रजननदर १.५८ इतका खाली गेला. पुढे १९८९ चा दर १.५७ असल्याचे जाहीर झाले, तेव्हा 'हिनोएउमा'पेक्षाही खालची पातळी गाठल्याचा त्या देशाला धक्का बसला. १९६६ नंतर या चक्राचे पुढील वर्ष २०२६ हे होय.

या घटनेतून दोन निष्कर्ष निघतात. शिक्षण व यंत्रविद्या वाढली की असे समज आपोआप लोप पावतात, ही अपेक्षा फोल आहे. आणि त्या पालकांपैकी अनेकांचा त्या भाकितावर स्वतःचा विश्वास नसेलही. 'उद्या आपल्या मुलीचे लग्न जमताना लोक काय म्हणतील' ही चिंता पुरेशी होती. प्रत्येक जण इतरांच्या विश्वासाला घाबरतो आणि त्यामुळे कोणाचाच ठाम विश्वास नसलेली रूढीही चालू राहते.

वस्तूकडून व्यक्तीकडे :

येथे प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा येतो. शुभाशुभाचा संकेत वस्तू, अंक वा वेळ यांना चिकटलेला असतो, तोवर त्याचे नुकसान बहुधा मर्यादित राहते. मजल्याचा क्रमांक बदलता येतो, प्रवास एक दिवस पुढे ढकलता येतो, राहुकाळ संपण्याची वाट पाहता येते. हाच संकेत सजीवाला आणि विशेषतः माणसाला चिकटतो, तेव्हा त्याला आपला क्रमांक बदलता येत नाही.

घुबडाचेच पाहा. उंदीर खाऊन शेतकऱ्याला साह्य करणारा हा पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे; तरीही दिवाळीच्या सुमारास अघोरी विधींसाठी भारतात घुबडे पकडून विकली जातात. येथे त्याला शुभ मानणे आणि अशुभ मानणे या दोन्ही समजुती त्याच्या जिवावर उठतात.

माणसांच्या बाबतीतही शुभ ठरणे तितकेच घातक होऊ शकते. पूर्व आफ्रिकेतील टांझानिया व आसपासच्या देशांत जन्मतः त्वचेत रंगद्रव्य नसलेल्या व्यक्तींच्या अवयवांमुळे संपत्ती व यश मिळते, असा समज आहे. त्यातून या व्यक्तींवर हल्ले व त्यांच्या हत्या झाल्या. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१४ साली ठराव करून १३ जून हा दिवस या व्यक्तींविषयीच्या जागृतीसाठी निश्चित केला.

आपल्या समाजात हा भार मुख्यतः स्त्रियांनी वाहिला आहे. घरात सून आली आणि पाठोपाठ एखादी दुर्घटना घडली, की ती 'पांढऱ्या पायाची' ठरते. मूळ नक्षत्रावर जन्मलेली वधू सासऱ्याला आणि आश्लेषा नक्षत्रावरील वधू सासूला वाईट, असे मानून मुलींची स्थळे नाकारली जातात. पत्रिकेतील मंगळामुळे अनेक मुलींचे विवाह लांबतात. पतीच्या निधनानंतर विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, तिला हळदीकुंकू व औक्षण यांतून वगळणे या प्रथांमागेही तिचे दर्शनच अशुभ आहे, ही कल्पना आहे. वर वर्णिलेल्या चार रकान्यांचा तक्ता येथे पुन्हा लावून पाहिला, तर अन्याय लगेच दिसतो. सून आल्यानंतर घडलेल्या दुर्घटना मोजल्या जातात. सून येण्यापूर्वीच्या, जावई आल्यानंतरच्या आणि सून येऊनही काहीच न बिघडलेल्या घरांची मोजणी होत नाही. पत्नी वारलेल्या पुरुषाला मंगलकार्यातून वगळण्याची अशी प्रथा नाही. यावरून असे म्हणता येते की, अपशकुनाचा शिक्का कोणावर बसावा हे नशीब ठरवत नाही. समाजातील सत्तेची उतरंड ते ठरवते. ज्याला प्रतिवाद करता येत नाही, त्याच्यावर तो सहज बसतो.

महाराष्ट्रातील प्रबोधन व कायदा :

या अन्यायाविरुद्धची महाराष्ट्राची परंपरा मोठी आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू करून विधवांना आधार दिला. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' या ग्रंथातून स्त्रीला दोषी ठरवणाऱ्या विचारसरणीलाच जाब विचारला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला आणि पुढे विधवांच्या शिक्षणाचे कार्य उभारले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली. त्यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच वर्षी राज्यात नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा कायदा झाला.

या कायद्याची रचना प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पूजा, यात्रा, प्रदक्षिणा यांसारख्या सर्वसाधारण धार्मिक आचारांना त्याने प्रतिबंध केलेला नाही. एखादी व्यक्ती करणी वा जादूटोणा करते असे भासवून तिचे जगणे कठीण करणे, अघोरी उपायांच्या नावाखाली शारीरिक इजा करणे यांसारख्या कृती मात्र त्याने गुन्हा ठरवल्या. म्हणजे कायद्यानेही श्रद्धेची तपासणी न करता तिच्यामुळे दुसऱ्या माणसाला होणारी इजा हीच कसोटी मानली आहे.

कायद्याइतकेच महत्त्वाचे पाऊल कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड या गावाने उचलले. तेथील ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही या ठरावाचे अनुकरण करावे, असे परिपत्रक काढले. जपानच्या उदाहरणात पाहिल्याप्रमाणे अशा रूढी इतरांच्या भीतीवर जगतात. एकट्या कुटुंबाने प्रथा मोडली तर त्याला बोल लागतो. संपूर्ण गावाने एकत्र ठरवले तर बोलणारा उरत नाही. सामूहिक ठरावाचे बळ यातच आहे.

निष्कर्ष :

१. शुभाशुभाचे संकेत संस्कृतीनुसार बदलतात व अनेकदा परस्परविरोधी असतात. ते भाषा, धर्मकथा व इतिहास यांतून निर्माण होतात; वस्तूच्या गुणधर्मांतून नव्हे.

२. संकेत मानण्याची प्रवृत्ती सार्वत्रिक आहे. अनिश्चितता, योगायोगाला कारण समजण्याची घाई आणि निवडक स्मरण ही तिची प्रमुख कारणे होत. केवळ साक्षरतेने ती नष्ट होत नाही.

३. संकेतांचे मूल्यमापन करताना 'याची किंमत कोण मोजतो?' ही कसोटी उपयुक्त ठरते. मानणाऱ्यालाच थोडीफार झळ लागत असेल, तर संवाद व शिक्षण पुरेसे आहे. दुसऱ्या व्यक्तीला शुभ वा अशुभ ठरवून तिचा अधिकार हिरावला जात असेल, तर तो प्रश्न श्रद्धेचा राहत नाही, न्यायाचा होतो.

४. महाविद्यालयीन पातळीवर विद्यार्थ्यांना कोणत्याही एका शकुनाची चार रकान्यांत काही आठवडे नोंद ठेवण्यास सांगावे. उपदेशाने जे साधत नाही, ते स्वतःच्या हाताने भरलेल्या तक्त्यातून साधण्याची शक्यता अधिक आहे.

५. व्यक्तीला अशुभ ठरवणाऱ्या रूढी वैयक्तिक पातळीवर मोडणे कठीण असते. त्यासाठी ग्रामसभा, महिला मंडळे, बचत गट व महाविद्यालयांचे राष्ट्रीय सेवा योजना विभाग यांनी हेरवाडप्रमाणे एकत्रित निर्णय घेणे आणि त्या निर्णयानंतर विधवा भगिनींना हळदीकुंकवाचे पहिले आमंत्रण देणे आवश्यक आहे.